ओल्या फडक्याखालचा गोळा

माईला ते कळलं गिऱ्हाइकाकडून. आणि गिऱ्हाईक तरी कोणतं, तर पाव हातात घेऊन चार वेळा दाबून पाहणारी आणि शेवटी कालचाच नेणारी शिंपीण. माईला आधी हेच जास्त लागलं. घरची अब्रू जायचीच होती तर निदान ताजा पाव घेणाऱ्याच्या तोंडून तरी कळायला हवं होतं.

गुरुवारची सकाळ होती. भट्टीतला दुसरा घाणा निघाला होता, सून फळ्यांवर पाव मांडत होती आणि माई गल्ल्यामागे नेहमीसारखी, कमरेवर हात ठेवून, जणू रस्तासुद्धा तिच्याच मालकीचा आहे अशी उभी होती. शिंपिणीने पाव घेतला, पिशवीत टाकला, आणि एकदम माईचा हात धरला.

"माई, मी तुमच्यासाठी प्रार्थना करतेय हं. काल रात्री, आज सकाळी, दोन्ही वेळा."

"का गं? मी मेले का?"

"नाही हो. ते आपलं... खमिराचं."

माईने हात सोडवून घेतला. शिंपिणीला वाटलं, माईला आठवत नसेल. तिने पाकीट उघडून एक चिठ्ठी काढली आणि मोठ्या मायेने पुढे केली.

या चिठ्ठ्यांचं असं होतं. दर बुधवारी दुपारी चर्चच्या मंडळीतल्या बायकांची प्रार्थनासभा भरायची. एकेकीने उभं राहून विनंती सांगायची, बाकीच्यांनी ती चिठ्ठीवर लिहून घ्यायची आणि आठवडाभर जवळ बाळगायची. कुणाच्या गुडघ्यासाठी, कुणाच्या जावयाच्या नोकरीसाठी. माई त्या सभेला कधी जायची नाही. म्हणायची, मला भट्टी आहे, आणि दुसऱ्याच्या घरातलं झाकण उचलून बघायला मला देवाचं निमित्त लागत नाही.

माई शाळेत जेमतेम दोन यत्ता गेलेली. अक्षराला अक्षर लावत तिने वाचलं: "माई. खमीर. सासूला खोटं सांगितलं. आळ जावेवर. मनाला शांती मिळावी."

पाच ओळी. चौतीस वर्षं छातीत जे ठेवलं होतं ते वाण्याच्या यादीसारखं एका कपट्यावर मावलं होतं.

"किती जणींनी लिहून घेतलं?" माईने विचारलं.

"सगळ्यांनीच. वीस-बावीस असू. तुमच्या धाकटीने इतकं रडून सांगितलं ना!"

धाकटी म्हणजे माईची पाठची बहीण. माईने एप्रन सोडला, सुनेच्या हातात दिला, आणि पिठाळलेल्या चपलांनिशीच रस्त्याला लागली. सून म्हणाली, "आई, तिसरा घाणा?" माई वळलीसुद्धा नाही. असं त्या भट्टीत पूर्वी कधी झालं नव्हतं.

काय होतं हे खमिराचं, ते इथेच सांगून टाकलेलं बरं.

माई या घरात आली तेव्हा भट्टी सासूची होती. आणि सासूचं सगळं नाव होतं तिच्या खमिरावर. ते तिने स्वतःच्या आईकडून बरणीतून आणलेलं. रोज पीठ तिंबून, फुगून तयार झालं की पाव थापण्याआधी त्यातला मुठीएवढा गोळा काढायचा, बरणीत ठेवायचा, वर ओलं फडकं घालायचं. दुसऱ्या दिवशीचं पीठ त्याच गोळ्याने फुगायचं, आणि त्यातून पुन्हा एक गोळा. एक दिवस जरी गोळा राखायचा राहिला तरी वंश बुडाला. मग नवीन खमीर धरायला महिनेच्या महिने जातात, आणि चव कधीच तीच येत नाही.

गोळा काढून ठेवायचं काम थोरल्या जावेचं. थापायचं आणि भाजायचं काम माईचं. सासूचं एकच सांगणं होतं: जिचा हात विसरत नाही, तिची भट्टी.

एके दिवशी इस्पितळाची मागणी आली, पाव मोजले तर एक कमी. माईने बरणीवरचं फडकं उचललं, आतला गोळा घेतला, थापला आणि भट्टीत सारला. मनात म्हणाली, काठवटीला चिकटलंय ते खरवडून दुसरा करते. तेवढ्यात पाळण्यातलं पोर रडलं. पोराला गप्प करून आली, आणि हाताच्या सवयीने काठवट घासून लख्ख धुऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी सासूने बरणी उघडली. आत काही नाही.

"गोळा कुणी राखला नाही?"

माई म्हणाली, "जाऊबाईंनी काल काढलाच नाही."

एवढंच. एवढ्या चार शब्दांवर थोरली जाऊ आणि तिचा नवरा भट्टीतून बाहेर पडले. तो कुठल्याशा गोदामात लागला, ती काजं-बटणं करायला लागली. भट्टी माईकडे आली. पुढे सासू गेली, दोघींचे नवरे गेले, भट्टी वाढली, आणि माई मंडळीत मोठी बाई झाली. प्रभुभोजनाची भाकरसुद्धा तिच्याच भट्टीतून जायची. आदल्या दिवशी एक वेगळा लहानसा पाव ती स्वतः तिंबायची. एरवी प्रत्येक घाण्याचं कच्चं पीठ ती जिभेला लावून पाहायची, मिठाचा अंदाज तिचा तसाच. पण या पावाचं पीठ तिने कधी चाखलं नाही. बोटाला लागलेलंसुद्धा पुसून टाकायची. आणि रविवारी पाळकांनी भाकर हातात घेतली की माई हळूच उठून मागच्या मोरीत पेले धुवायला जायची. स्वच्छ पेले पुन्हा धुवायची. लोक म्हणायचे, माईचा सेवाभाव बघा! चौतीस वर्षांत तिने त्या भाकरीचा तुकडा तोंडात घातला नव्हता. तिचा हात पुढे होत नव्हता.

गेल्या महिन्यात तिला ताप चढला. मरतेच आता असं वाटलं. उशाशी धाकटी बसली होती. माईने तिला सगळं सांगितलं आणि धाकटीने पवित्र शास्त्रावर हात ठेवून सांगितलं, "ताई, माझ्या पोटात राहील."

माई मेली नाही. तिथेच घोटाळा झाला.

धाकटी इस्त्री करत होती. माईला दारात बघून तिने इस्त्री उभी करून ठेवली. काय झालंय ते तिला तोंड बघूनच कळलं.

"ताई, बस तरी."

"बसायला नाही आले. काय सांगितलंस तू?"

"मी एवढंच म्हटलं गं, माझ्या बहिणीच्या मनाला शांती मिळावी. मग सभेतल्या नर्सबाईंनी विचारलं, कसली अशांती? मोघम प्रार्थना देवापर्यंत पोचायची कशी? तर मग..."

"तर मग तू पूर्ण पत्ता लिहून दिलास."

"तसं नाही ताई..."

"पोटात राहील म्हणाली होतीस."

"ठेवलं होतं ना! दहा दिवस ठेवलं. मला झोप येईना, अन्न जाईना. तू कसं ठेवलंस गं चौतीस वर्षं?"

माईला एक थोबाडीत द्यावीशी वाटली. लहानपणी दिली असती. या पोरीला तिने कडेवर वाढवलं होतं, हिच्या लग्नात स्वतःच्या कानातलं काढून दिलं होतं. आणि आज हिने बावीस बायकांपुढे तिला उघडं करून बसवलं होतं, वर डोळ्यांत पाणी आणून. शत्रूने केलं असतं तर माईने दोन शिव्या हासडून पाव विकायला घेतले असते. पण जिच्या मांडीवर डोकं ठेवून आपण मरायला तयार होतो, तिनेच डोक्याखालून मांडी काढून घेतली तर माणसाने पडायचं तरी कुठे?

"मी निस्तरते," धाकटी नाक पुसत म्हणाली. "जावेला अजून कळलेलं नाही. गुडघ्यांमुळे ती बुधवारी आली नव्हती. मी आजच सगळ्यांकडे जाऊन सांगते की ताई तापात बरळत होती, मीच खुळी, मला खरं वाटलं. लोक मला नावं ठेवतील, ठेवू देत. तू सुटशील."

खरं सांगायचं तर माईला ते पटलं. धाकटीने केलंय, धाकटीने भोगावं. आपण फक्त मान हलवायची. फार तर चार शब्द बोलायचे.

"आधी मी जाऊबाईंकडे जाऊन येते," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी सांगायच्या आत. तापाचंच सांगते."

जाऊ दोन जिने वर, एका खोलीत राहायची. सगळी मंडळी तिला कुलूपकाकू म्हणायची. कारण असं की ती घराला कुलूप लावायची, जिना उतरायची, पुन्हा चढायची, कुलूप ओढून पाहायची. असं तीनदा. उपासनेला दर रविवारी उशीर. गॅस बंद केला का, नळ बंद केला का, पत्रावर तिकीट लावलं का, सगळं तीनतीनदा. हे नाव ठेवलं होतं माईनेच. एका लग्नात ठेवलं, लोक खूप हसले, आणि ते चिकटलं.

माई पोचली तेव्हा जाऊ जिन्यातच भेटली. पिशवी हातात, कुलूप लावून खाली येत होती. माईला पाहून म्हणाली, "आलीस होय? थांब, चल वर." दोन पायऱ्या चढली आणि स्वतःशीच पुटपुटली, "लावलं होतं ना मी? लावलं होतं बहुतेक." दारापाशी जाऊन तिने कुलूप ओढलं. लागलेलंच होतं. तिने ते उघडलं आणि माईकडे बघून ओशाळं हसली. "तुला माहीतच आहे बाई माझं. मला माझ्या हाताचा भरवसाच नाही."

माई शंभरदा हे बघून हसली होती. आज जिन्यात तिने कठडा धरला. हा हात असा कधीपासून झाला ते तिला एकदम समजलं, आणि इतकी वर्षं ते आपल्या डोळ्यांसमोर जिना चढत-उतरत होतं हेही समजलं.

आत खुर्ची एकच होती. जावेने ती तिला दिली आणि स्वतः पलंगावर बसली.

"ताप उतरला ना गं तुझा?"

वाट तर तयारच होती. तापाचा विषय जावेनेच काढला होता. माईने तोंड उघडलं, आणि तेव्हा तिला दिसलं की आता आपण धाकटीला भट्टीबाहेर काढणार आहोत. तेच चार शब्द, फक्त बाई दुसरी.

"जाऊबाई," ती म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी गोळा काढून ठेवला होता."

"कुठला गोळा?"

"बरणीतला. तुम्ही काढला होता. वर ओलं फडकं पण घातलं होतं. एक पाव कमी पडत होता म्हणून मी तो उचलला आणि भट्टीत घातला. आणि सासूबाईंना सांगितलं की तुम्ही काढलाच नाही."

जावेचा अंगठा तर्जनीवर घासत राहिला, सुईत दोरा ओवल्यासारखा.

"फडकं ओलं होतं?"

"ओलं होतं."

"हाताला गार लागलेलं मला आठवायचं," जाऊ म्हणाली. आवाज अगदी हलका. "मी त्यांना म्हणाले, सासूबाई, मी पिळलं होतं ते, मला आठवतंय. त्या म्हणाल्या, आठवतंय तर गोळा कुठाय? हे पण म्हणाले, चुकलीस तर चुकलीस म्हण. मग मला वाटलं, आपल्यालाच जे झालं नाही ते आठवतं. डोक्यात काहीतरी फिरलंय. माझी आजी तशीच वेडी होऊन मेली होती. मी चौतीस वर्षं वाट बघतेय, आज होईन, उद्या होईन."

माईने खाली मान घातली. तिला वाटलं होतं तिने जावेची भट्टी घेतली. भट्टी हे त्यातलं सर्वांत लहान होतं.

"मला माफ करा, जाऊबाई."

"म्हणजे मी काढला होता," जाऊ म्हणाली. तिने ऐकलंच नव्हतं. "काढला होता मी!"

"आज का आठवलं तुला?" मग जावेनेच विचारलं, आता डोळे रोखून.

माईने धाकटीचं सांगितलं. सांगता सांगता तिचा राग पुन्हा उसळला. "पाठची म्हणून सांगितलं हो मी, विश्वासाने! आणि तिने..."

"तिने निदान खरं तरी सांगितलं," जाऊ म्हणाली. "मीही विश्वासानेच तुझ्या शेजारी भट्टीपुढे उभी राहायची. तुझं पोर रडलं की तुझ्या वाटणीचं पीठ तिंबायची. आठवतंय?"

"आठवतंय."

"जा आता. मला जरा एकटीला बसू दे. दार लोटून घे."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. माई जिना उतरली. वरून दाराची कडी ओढून पाहिल्याचा आवाज येतो का ते तिने कान देऊन ऐकलं. काही आलं नाही.

शनिवारी दुपारी माईने रविवारचा पाव तिंबायला घेतला. सुनेला बाहेर पाठवलं. माई रोज प्रार्थना करायची, एक दिवस चुकवला नव्हता. पण कशी? "प्रभू, जे काही कळत नकळत चुकलं असेल ते पदरात घे." चौतीस वर्षं तेच. 'जे काही', 'असेल'. गिऱ्हाइकाला शिळा पाव ताज्यांत लपवून द्यावा तशी. आणि मग उत्तर येत नाही म्हणून शंका. देव ऐकतो का, वधस्तंभावर तो मेला तो माझ्यासारखीसाठीही की फक्त बऱ्या लोकांसाठी? नर्सबाईचं खरंच होतं म्हणायचं, मेलीचं. मोघम पोचत नाही. ऐकणाऱ्याला कळतं, पण बोलणाऱ्याच्या हातून सुटत नाही.

"मी गोळा चोरला," माई काठवटीत मुठी दाबत मोठ्याने म्हणाली. "मी खोटं बोलले. एका शहाण्या बाईला मी वेडी ठरवली. वर तिला नाव ठेवलं. आणि हे सगळं झाकून तुझ्या घरात मी तोरा मिरवला."

काही झालं नाही. उजेड पडला नाही, आवाज आला नाही. फक्त तिच्या लक्षात आलं की पुढे सांगण्यासारखं आता काही उरलेलं नाही. तळ लागला होता. आणि तळाशी ती एकटी नव्हती. तो तिथे आधीपासूनच होता, सगळं माहीत असलेला आणि तरी उठून न गेलेला. माईने डोळे पुसले तर पीठ डोळ्यात गेलं, आणि ती देवाच्या समोरच पिठाला एक शिवी देऊन बसली.

रविवारी ती तिसऱ्या बाकावर बसली. उजवीकडे धाकटी येऊन बसली, रडून सुजलेली. तिने घरोघरी काही सांगितलं नव्हतं, माईनेच मनाई केली होती. माई तिच्याशी बोलली मात्र नव्हती. मागे कुजबुज चालली होती, चिठ्ठ्यांचे कागद वाजत होते.

घंटा व्हायच्या आधीच दारात जाऊ आली. वेळेवर. शिंपीण शेजारणीला म्हणाली, "अगंबाई, कुलूपकाकू आज परत फिरल्या नाहीत वाटतं."

जाऊ सरळ तिसऱ्या बाकापाशी आली. माईला म्हणाली, "सरक."

माई सरकली.

पाळकांनी भाकर मोडली. तबक बाकांवरून फिरायला लागलं. माईचे पाय सवयीने मोरीकडे वळायला लागले. तिने ते एकमेकांत अडकवून घेतले. तबक जावेकडे आलं. जावेने स्वतःचा तुकडा घेतला, मग तबक मांडीवर धरून ठेवलं. सगळा बाक थांबला.

"मी अजून रागावलेली आहे," ती हळूच म्हणाली.

"असा," माई म्हणाली.

"पुष्कळ दिवस राहीन."

"राहा."

"पण घे." तिने तबक पुढे केलं.

माईने तुकडा घेतला. हात पुढे झाला. आता तबक तिच्या हातात होतं आणि उजवीकडे धाकटी, खाली मान घालून, हात मांडीवर. तिला वाटत होतं ताई तबक तिच्यावरून पलीकडे देईल. माईलाही तसंच वाटत होतं. छातीत अजून ठसठसत होतं. बावीस चिठ्ठ्या काही परत कोऱ्या होणार नव्हत्या, आणि हिला पुन्हा काही सांगायचं तर माई आधी भिंतीला सांगेल.

पण या तबकातलं तिने स्वतः आत्ता कुठे घेतलं होतं, आणि ज्या बाईने दिलं तिने राग असतानाच दिलं होतं. राग संपेपर्यंत थांबायचं म्हटलं तर या बाकावर कुणालाच जेवायला मिळालं नसतं.

तिने तबक धाकटीच्या हातात दिलं. "घे. आणि हे आता खुशाल उभं राहून सांग सगळ्यांना."

धाकटीने घेतलं.

पाळकांनी खूण केली. माईने तुकडा तोंडात घातला. चौतीस वर्षांनी. तिने तो चावला, थांबली, पुन्हा चावला. कपाळाला आठी पडली.

"मीठ कमी आहे," ती धाकटीच्या कानात म्हणाली.

"पहिल्यापासूनच कमी असतं, ताई."

"पहिल्यापासून? आणि सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"आणि तू बोलली नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं," धाकटी म्हणाली.